अप्पांच्या डायरीचा ग्राफ

अप्पा, तुमची निळी फोनडायरी माझ्याकडे आहे. आईने रद्दीत टाकली होती, मी काढून घेतली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि अजून मी तिच्यात एक नंबर शोधते आहे.

माझं अंधेरीच्या ऑफिसातलं काम तुम्हाला कधी धड समजावलं नाही. विचारलंत की "कॉम्प्युटरचं" म्हणून उडवून लावायची. आता ऐका. आमच्याकडे माणसांचे ठिपके असतात आणि कोण कोणाला ओळखतं त्याच्या रेघा. त्या जाळ्याला ग्राफ म्हणतात. अशी कितीतरी जाळी मोठ्या मशीनवर चालतात, आणि मी काळ्या पडद्यावर एकेका ओळीचा हुकूम टाइप करून ती उभी करते, थांबवते, पुसते. चित्र नाही, बटण नाही. तुम्हाला आवडलं असतं. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारांच्या त्या भिंतीपुढे तुम्हीही नुसते नंबर वाचूनच काम करायचात.

चौथीत असताना एका रविवारी तुम्ही मला तिथे नेलंत. बंद झालेल्या जोडण्या काढायच्या होत्या. तुम्ही वही बघताय, माझ्या हातात कटर आहे आणि मला मोठेपणाची भारी घाई. तुम्ही दाखवलेली समजून मी शेजारचीच तार खटकन तोडली. "आधी आयक गो! कोण बोलता काय बघ, मगे तोड!" आयुष्यात तेवढे एकदाच माझ्यावर ओरडलात. मग तारा तपासायच्या तुमच्या त्या चिमटेवाल्या फोनचे चिमटे तुटलेल्या टोकाला लावलेत आणि तो मुद्दाम माझ्या कानाला धरलात. पलीकडे एक बाई बोलत होती. "हॅलो? हॅलो, ऐकतेयस ना?" मी रडले. तुम्ही तार जोडलीत, आणि घरी येताना मला बटाटावडा घेऊन दिलात.

तुम्ही गेलात त्या दुपारी तुमचा फोन आला होता. मी एक ग्राफ पुसत होते, मशीन "नक्की ना?" असं विचारत होतं. तुम्ही म्हणालात, "एक नंबर लागना नाय गो, जरा तू..." मी म्हटलं, "अप्पा, कामात आहे, नंतर करते," आणि कापला. संध्याकाळी फोन आला तो आईचा.

कोणाचा नंबर? मुलुंडचे तुमचे एक्स्चेंजमधले जोडीदार, मनोरीची आत्या, बोरिवलीचे डॉक्टर, सगळ्यांना विचारून झालं. मग डायरीतलं एकेक नाव मी ऑफिसच्या मशीनवर चढवलं, रेघा जोडल्या, तुम्हाला मधोमध ठेवलं. वाटलं, एखादी तुटलेली रेघ दिसेल. दिसली नाही. तरी रोज सकाळी तुमच्या ठिपक्याला कोण कोण जोडलंय असं विचारते, आणि मशीन तीच नावं त्याच क्रमाने देतं. उद्याही विचारीन.

आज टीममधला एकजण म्हणाला, "हा ग्राफ कोण वापरतंय यार? कधीचा पडलाय. उडव ना." मी पुसायचा हुकूम टाइप केला. खात्रीसाठी ग्राफचं नाव लिही, असं मशीन म्हणालं. मी 'अप्पा' एवढंच नाव ठेवलं होतं. आधी ऐकायचं, म्हणून आत्ता हा ग्राफ कोणी कोणी उघडून ठेवलाय त्याची यादी काढली. एक जोडणी चालू होती. ती माझीच, सकाळी उघडून विसरलेली, हे कळायला मिनिटभर लागलं. त्या मिनिटात मी कीबोर्डवरून हात काढून घेतले होते. टीममधल्या त्या एकाला म्हटलं, "थांब रे, कोणीतरी वापरतंय."

हे कुठे पाठवणार? डायरीतच घालून ठेवते. आईला मी सांगितलंय की तुमचं बोलणं पुरं झालं आणि मगच मी फोन ठेवला. खोटं आहे ते. तार तोडल्यावर पलीकडचं माणूस थोडा वेळ बोलतच राहतं, हे मला चौथीपासून माहीत होतं.