कपावरच्या रेघा

माय, दिवाळीपासून मी पाळीत कप वापरते. कप म्हटल्यावर तुझ्या डोळ्यापुढे चहाचाच येईल, म्हणून नीट सांगते. हा रबरासारखा मऊ असतो. देवघरातली लहान घंटी उलटी धरावी तसा, आणि खाली धरायला एक बारीक दांडी. दुमडून आत घालायचा, तो आत जाऊन उघडतो, आणि जे काही जायचं ते त्यात साठतं. मग काढायचा, ओतायचा, धुवायचा, परत घालायचा. पाळी संपली की उकळून कापडी पिशवीत ठेवायचा. एक कप कित्येक वर्षं चालतो. हे तुला लिहितानासुद्धा माझे कान गरम झालेत. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, पांढुर्ण्याच्या शाळेत मुलींना विज्ञान शिकवते, गर्भाशयाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते, भाग पाठ करून घेते. पण कप हातात घेऊन न्हाणीत उकिडवी बसले तेव्हा कळलं की फळ्यावरचं सोडलं तर मला माझ्या अंगाबद्दल काहीच माहीत नाही. रस्ता कुठून आहे तेही चाचपडावं लागलं.

कप आणला तुझ्या नातीनं. तू तिला पाहिलं नाहीस. नागपूरला नोकरी करते, दिवाळीला घरी आली होती. मी एकावर एक दोन पॅड लावते, वर जुनी चड्डी घालते, खुर्चीवर बसायच्या आधी ओढणी पसरते, हे तिच्या लक्षात आलं. शाळेतल्या मागच्या भिंतीपाशी वापरलेल्या पॅडचा ढीग होतो, कुत्री ओढून मैदानात आणतात, मुलं काठीनं उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात आणि माझ्या मुली माना खाली घालून वर्गात जातात, हेही मीच तिला सांगत होते. ती म्हणाली, "मम्मी, तू बाकीच्यांचं सांगून राहिली. तुझं काय?" आणि बॅगेतून डबी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी आधी दार लावलं. घरात आम्ही दोघीच होतो, तरी लावलं.

पहिल्या दिवशी तीनदा निसटून खाली पडला. चौथ्यांदा बसला, आणि काढायच्या वेळी निघेचना. मी न्हाणीतून तिला हाक मारली, रडकुंडीला येऊन. "अडकला वो! आता दवाखान्यात जावं लागते का काय?" ती दाराबाहेर उभी राहून हसू दाबत होती. "मम्मी, घाबरू नको. खाली जोर लाव थोडा, अन् दांडी ओढू नको, बुडाला चिमटीत धर." निघाला. बाहेर आले तेव्हा मला घाम फुटला होता, आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती जशी मी तिला पहिल्यांदा सायकलवर सोडून पाहिलं असेल. उकळण्यासाठी मी दूध तापवायचा एक लहान गंज वेगळा काढला. तुझ्या जावयाला दिसू नये म्हणून तो ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे लपवते. तो विचारणार नाही. तरी लपवते.

पण सांगायचं ते हे नाही. कपावर रेघा असतात, माय. औषधाच्या टोपणावर असतात तशा. पॅडमध्ये किती गेलं ते कधी कळत नाही, भिजला की गुंडाळून फेकायचा. कपात दिसतं. दुसऱ्या दिवशी दोन तासांत तो काठोकाठ भरला आणि वरून सांडला. मला वाटलं बसवायला चुकलं. पोरगी म्हणाली, "किती वेळात भरला?" मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला. "दिवसभर असाच भरून राहिला?" म्हटलं, हो, दोन दिवस तर असंच असते. "किती वर्षांपासून?" मी आठवू लागले. तीन वर्षं, चार वर्षं. शाळेच्या जिन्यावर मध्येच थांबून दम घ्यायची मला इतकी सवय झाली होती की मी त्याला वय म्हणत होते. ती म्हणाली, "मम्मी, हे नॉर्मल नाही." मी काय उत्तर दिलं असेल? जे मी एकदा तुला दिलं होतं तेच. "या वयात सर्वायलेच होते."

शब्द तोंडातून गेला आणि मी कप धुवायला न्हाणीत शिरले. तिला वाटलं मी मानलं.

मला तो दिवस आठवायचा नव्हता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, नोकरी नवी होती, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तू न कळवता सौंसरच्या बसनं आलीस. कापूस वेचणीचे दिवस होते, वावर सोडून तू कधी येत नव्हतीस. संध्याकाळी सासरचे लोक जेवायला यायचे होते आणि मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. तू पिशवीतली संत्री खाली ठेवलीस, माझ्याजवळ पाट ओढून बसलीस आणि इतक्या हळू बोललीस की तेलाच्या आवाजात मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. "बाई, माह्यं थांबूनच नाही राहिलं. दीड मयना झाला. उभी राहिली का डोळ्यापुढं अंधारी येते." मी झारा हातात घेऊन तुझ्याकडे वळले, आणि मला तुझा चेहरा दिसला नाही. पाट दिसला. पाटावर डाग पडला होता.

मी तुला म्हणाले, आणि मला प्रत्येक शब्द पाठ आहे: "माय, या वयात सर्वायलेच होते. बंद व्हायची वेळ आली का असंच जाते. अन् तू अजून ते चिंधे कायले वापरते? त्याच्यानंच होत असंन. आत्ता लोकं येतीन घरी, ऊठ, लुगडं बदल." तू उठलीस. पाट तूच धुतलास. वाकून धुताना भिंतीला हात टेकवलास, ते मी पाहिलं. मग मी शेजारच्या औषधाच्या दुकानातून पॅडची दोन पाकिटं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि तुझ्या पिशवीत कोंबली. मला वाटलं मी फार मोठं काम केलं. मी शिकलेली, विज्ञानाची शिक्षिका, तुला चिंध्यांतून बाहेर काढत होते. पाहुणे यायच्या आत तुला बसमध्ये बसवलं. तू खिडकीतून म्हणालीस, "वडे झाकून ठेव, मऊ पडतीन." एवढंच.

महिन्याभरानं आपण जामसांवळीला गेलो. तुझाच नवस होता, माझ्या नोकरीचा. तू देवळाच्या बाहेर, नारळाच्या दुकानाजवळ बसून राहिलीस. "तुम्ही जा, मी इथंच बरी." म्हणजे अजून थांबलं नव्हतं. मला कळलं होतं. मी आत गेले, दर्शन घेतलं, प्रसाद आणून तुझ्या हातावर ठेवला आणि काही विचारलं नाही. तिथंच तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "बाई, ते तू देल्लं ना, ते धुतलं त सारा कापूस निंगाला वो. बोंडातून निंगते तसा. फेकाचं असते का ते? एवढा चांगला कापूस?" मी इतकी हसले की लोक पाहू लागले. तूही हसलीस, मला हसताना पाहून.

आणि सोमवारी मी तो किस्सा शाळेत सांगितला. डबे उघडून आम्ही चार-पाच शिक्षिका बसलो होतो, मी तुझा आवाज काढून सांगितला, पदर तोंडाला लावून, तुझ्यासारखी मान वाकडी करून. सगळ्या हसल्या. एकीला ठसका लागला. तुला महिनोन् महिने रक्त जात होतं, माय, आणि मी तुझी नक्कल करत होते.

पुढचं तुला माहीत आहे. तू वावरात कापसानं भरलेली ओटी कमरेला तशीच ठेवून सरीत आडवी झालीस. बाबांचा निरोप आला, आम्ही तुला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि पडदा सारून जवळजवळ ओरडल्याच. "इतके महिने काय करत होते तुम्ही लोक? गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पसरला आहे. घरात कोणाला सांगितलं नाही का यांनी?" मी तुझ्या खाटेशी उभी होते. हातात तुझी चप्पल होती. मी तोंड उघडलं असेल नसेल, मला ठाऊक नाही, पण माझ्या आधी तू बोललीस. "मीच नाही सांगतलं कोणाले. लाज वाटे." डॉक्टर मला म्हणाल्या, "या बायका अशाच." मी मान हलवली. तुझ्याकडे पाहिलं नाही. दोन महिने तू जिवंत होतीस, मी तुझं अंग पुसलं, केस विंचरले, तुला भात भरवला. तेवढ्या दिवसांत एकदाही म्हणाले नाही की माय, तू सांगितलं होतं. तुझ्या तोंडून निघालेलं मी घेतलं आणि तेवीस वर्षं तेच जगाला सांगत आले. नातेवाइकांना, तुझ्या जावयाला, वर्गातल्या मुलींना. हो, मुलींनासुद्धा. "माझ्या आईनं लाजेपायी सांगितलं नाही, तुम्ही असं करू नका," असं मी दरवर्षी तो धडा शिकवताना सांगते. मुली डोळ्यांत पाणी आणून ऐकतात.

दिवाळीनंतर पोरीनं मला डॉक्टरकडे नेलं. मी नको म्हणत होते, ती ऐकेना. कप किती वेळा भरला ते तिनं माझ्याकडून वहीत लिहून घेतलं होतं, ती वही तिनं डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर तरुण आहेत, कमी बोलतात. वही वाचून म्हणाल्या, "असं लिहून कोणी आणत नाही. चांगलं केलं." रक्त तपासलं, ते इतकं कमी निघालं की त्यांनी मलाच उलट विचारलं, तुम्ही शाळेत उभ्या कशा राहता? सोनोग्राफी झाली. आत गाठी होत्या आणि अस्तर जाड झालं होतं. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाल्या. मग पेन हातात धरून विचारलं, "घरात कोणाला असा त्रास होता का? आईला?"

पोरगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला होता. मी म्हणाले, "आई कॅन्सरनं गेली. पण आधी काय त्रास होता, किती दिवस होता, ते माहीत नाही. तिनं कधी सांगितलंच नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "आजीनं तेव्हा सांगितलं असतं तर?" मी म्हणाले, "त्या काळच्या बायका बोलतच नव्हत्या." हेही म्हणाले. ती नागपूरच्या बसमध्ये बसली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "मम्मी, तू बोलली, मला फार बरं वाटलं."

चार दिवस मला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी शाळेतून अर्धी सुट्टी टाकून मी एकटीच परत डॉक्टरकडे गेले. बाहेर बाकावर तासभर बसले. आत गेले तेव्हा उभ्यानंच बोलले, बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, मॅडम, मी खोटं सांगितलं. आईनं मला सांगितलं होतं. दीड महिना थांबत नाही म्हणाली होती. अंधारी येते म्हणाली होती. मी तिला लुगडं बदलायला सांगितलं आणि बसमध्ये बसवून दिलं. डॉक्टरांनी आधीचं खोडलं, नवीन लिहिलं, आणि विचारलं, "तेव्हा तिचं वय किती होतं?" मी म्हणाले, अठ्ठेचाळीस. बस. त्या मला रागावल्या नाहीत, त्यांनी समजूतही घातली नाही. "तुमच्या मुलीलाही हे माहीत असायला हवं," एवढं म्हणाल्या. "तिच्या तब्येतीसाठी."

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, माय. गाठी साध्या आहेत. गोळ्या चालू आहेत, रक्त वाढायच्या सुया घेतल्या, आता जिना चढताना थांबावं लागत नाही. मागच्या पाळीत कप दिवसातून तीनदाच रिकामा करावा लागला. दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे. मी वाचले. ज्या गोष्टीनं वाचले ती तूही केली होतीस. तू बोलली होतीस, वेळेवर, आणि योग्य माणसाशी बोलतो आहोत असं समजून.

आता पोरीला सांगायचं आहे. तिचा दर रविवारी फोन येतो, शेवटी विचारते, "आणखी काही?" मी म्हणते, काही नाही. या आठवड्यात ठरवलं की बोलता येत नाही तर लिहावं. शाळेच्या वहीतला कागद फाडला आणि बसले. तुला आता सांगते, हे पत्र तुला नव्हतंच लिहायचं. वर पहिल्या ओळीत पोरीला हाक मारली होती. ती खोडली आणि त्या जागी माय लिहिलं, कारण तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि तिचं माहीत नाही.