गोविंदरावांची पगडी आणि समुद्राची भरती

खासगी बाजार, लष्कर-ग्वाल्हेर
कार्तिक शु. ४, सन १९३१

रा. रा. लक्ष्मीकांतपंत यांसी,

सा. न. वि. वि. आम्ही सर्व येथे खुशाल असून आपला दमा रत्नागिरीच्या दमट हवेत आटोक्यात असावा, अशी आशा आहे.

आपण सुचवलेल्या स्थळाविषयी कळवतो. चि. रमाकांत तिकडे बंदरावर कारकून असल्याने त्यांचे वडील गोविंदराव एकटेच परवा इथल्याच हजिरा मोहल्ल्यातून टांग्याने चि. शामलेस पाहायला आले. मुलगी पसंत पडली. तेवढ्यावर थांबावे, असे आपल्या भगिनींचे (नंतरचे) मत. पण बोलणे समुद्रावर गेले, आणि मी समुद्र पाहिला नसला तरी वाचलेला आहे. गोविंदराव म्हणाले, "पंत, चंद्र एकच, मग भरती दोनदा कशी? बताइए."

मी सांगितले की, चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीला त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. म्हणून ते मागे राहून तिकडेही फुगते. (हे मी कुठल्याही मास्तराविना शिकलो, हेही सांगितले.) यावर त्यांची शंका, की इतकी ओढ आहे तर चंद्र अंगावर का पडत नाही. शंका रास्त होती. चंद्र पडतच असतो, पण आडव्या वेगामुळे पडता पडता वळतो. हे तोंडी पटण्यासारखे नाही, म्हणून मी पाण्याने भरलेला तांब्या दोरीला बांधून उभा गरगर फिरवला. दोरी हातापासून तीन फूट. तेव्हा एक फेरा दोन सेकंदांच्या आत झाला पाहिजे, म्हणजे तांब्या उलटा होऊनही थेंब सांडत नाही. अकरा फेरे सांडला नाही. गोविंदराव "वाह" म्हणत जवळ आले.

इतक्यात आपल्या भगिनी दारातून म्हणाल्या, "अहो, जरा अदबीनं. पाहुणे आहेत."

मी अदबीने फिरवला. बाराव्या फेऱ्याला (अंदाजे) अडीच सेकंद लागले आणि सगळे पाणी गोविंदरावांच्या शिंदेशाही पगडीवर गेले. पगडीचा लाल रंग कच्चा निघाला. तो दोष गतिशास्त्राचा नव्हे, रंगाऱ्याचा. ते पगडी काखेत मारून टांग्यात बसले.

काल त्यांचा निरोप आला: मुलगी पसंत आहे, लग्नात मुलीच्या बापाने कोणताही प्रयोग करू नये, एवढीच अट. मी अजून उत्तर दिलेले नाही.

कळावे,
आपला, जनार्दन

ता. क. : एका दिवसात किनाऱ्यावर बसून दोन्ही भरत्या वेळेसह टिपाव्यात आणि खाली चि. रमाकांतांची सही घ्यावी. बापाला मुलाची सही नाकारता येणार नाही. मग अटीचे पाहू.

ता. क. दुसरे (अक्षर माझे, पद्माचे) : दादा, अट मी सकाळीच कबूल करून टाकली. किनाऱ्यावर बसून दमा वाढवू नकोस. लग्नाला आठ दिवस आधी ये, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत ह्यांचे दोन्ही हात धरून बस.