कादंबरीचं पारायण

बाबा, तुमच्या जावयांच्या मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली आहे. रिपोर्ट सोमवारी येणार. तोवर मी त्यांना एक कादंबरी वाचून दाखवते आहे, आणि माझा जीव जेवढा त्या रिपोर्टात तेवढाच त्या कादंबरीत अडकला आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसेल, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

खापरखेड्याचं आपलं क्वार्टर डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पॉवर हाऊसची ड्युटी करून येता, केसांत राख, काखेत कॉलनीच्या लायब्ररीतलं पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. स्वयंपाकघरात पाटावर बसून तिथंच वाचायला लागता. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "जेवता, का पुस्तकच वाढू ताटात?" मी तेव्हा शाळेत. तुमचं पाहून मीही एक जाड कादंबरी धरली, आणि त्यातलं लहान मूल तापानं फणफणलं तशी घाबरून मिटवली. दिवाळी अंकातल्या कथा घेऊन बसले. तुम्ही ते पाहिलंत. "पारायणाले बसलेलं माणूस मधीच उठते का वं?" म्हणालात. "ते लोकं तिथंच ताटकळून राहिले ना बिचारे!" तुम्ही थट्टेनं बोललात. पण आपल्याकडे पोथी सुरू केली की पुरी करायचीच. अर्धी राहिली तर घराला बाधते, असं आई सांगायची. मी दोन्ही गोष्टी एकात एक कालवल्या. पोथी काय आणि कादंबरी काय, अर्ध्यावर ठेवू नये, हे मनात बसलं ते बसलंच.

मग तुम्ही गेलात. तुमच्या उशीजवळच्या कादंबरीत खूण म्हणून माचिसची काडी होती, अगदी मधोमध. तेरवी झाल्यावर मी ते पुस्तक लायब्ररीत परत केलं. काडी काढायचा धीर झाला नाही. त्यानंतर कादंबरीला हात लावला नाही.

कथा मला सोयीची पडते. वरण शिजेपर्यंत एक होते, मागे काही उरत नाही. पण खरं सांगू, तिचा रागही येतो. त्यातल्या बाईच्या मनातलं आत्ता कुठं कळायला लागावं, तर ही संपली. हळदीकुंकवाला येऊन उभ्या उभ्याच परत जाणाऱ्या बाईसारखी. मग मी पोळ्या लाटता लाटता तिचं पुढचं ठरवत राहते आणि तव्यावरची करपते. टाकवत तर नाही, मीच खाते.

टाक्यांमुळे यांना मान खाली घालून वाचता येत नाही. आधी मी कथाच वाचून दाखवल्या. एक दिवस ऐकल्या, मग म्हणाले, "गोष्टी नको वं आता. तुझी गोष्ट संपली का घर चूप होते, अन् मंग मले तेच आठवते. काही मोठं आण. उद्या सकाळी कोणाकडे तरी जायचं आहे, असं वाटलं पाहिजे."

"आणि पुरं नाही झालं तर?" बोलून गेले आणि जीभ चावली. ते नुसते हसले.

सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी कादंबरी आणली. त्यातल्या त्यात पातळ पाहून घेतली, तर आत अक्षर मुंगीएवढं निघालं. देवाजवळ ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, सोमवारच्या आत पुरी होऊ दे. पण पोथीचे अध्याय दिवसांवर वाटून घेता येतात, हिचं तसं नाही. मधेच नदीचं वर्णन, मधेच कोणाच्या आजोबाची हकिकत, आणि इकडे सोमवार जवळ येतो आहे. काल मी मधली पानं गाळून वाचायला लागले. ते डोळे मिटून पडले होते. वाटलं, कळायचं नाही.

"थांब वं," ते म्हणाले. "गावात पूर होता ना? मंग हे लोकं लग्नाचे लाडू काहून वळून राहिले?"

"ओसरला जी पूर."

"अन् म्हातारीची गाय?"

गाईचं मला काय ठाऊक!

"मांगं जाय. गाय पाहून ये."

मला रडूच फुटलं. सोमवारचं सांगितलं, माचिसच्या काडीचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या आईनं पारायण धरलं अन् सुतक आलं, तं काय करे?"

"शेजारच्या काकू पुरं करायच्या."

"तेच तं. राहिलेलं दुसऱ्यानं वाचलं तरी चालते. मी नाही राहिलो तं तू वाच. पण गाय सोडून नको वाचू."

"अभद्र बोलू नका!"

"मंग वाच."

मी मागची पानं काढली. गाय मारुतीच्या देवळात शिरून नैवेद्य खात उभी होती, आणि म्हातारी कंबरभर पाण्यातून तिला सुनेला बोलावं तशी बोलत होती. हे टाक्यांवर हात धरून हसत होते. मला पुढचं वाचवेना, इतकं हसू आलं.

कादंबरी सोमवारपर्यंत होत नाही, हे आता दिसतंच आहे. भीती गेलेली नाही, बाबा. हा कागद त्यांच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झाला की फाडीन. फक्त एवढं कोणाला तरी सांगायचं होतं, की काल हसताना घटकाभर मला सोमवार आठवलाच नाही. देवापुढं हे कबूल करायची हिंमत होईना.