सतरा तासांची तालीम

पर्थ, ३ एप्रिल २०१९

प्रिय ग्वेंडाताईस,

सा. न. वि. वि.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी लग्न! वाचून आमच्या नवरोबांचा, क्लाइव्हचा, चहा शर्टावर सांडला. तुझ्या डेस्मंडला माझा नमस्कार सांग, आणि त्याने नीट चौकशी केलीय ना, तेही विचार.

करवली म्हणून मीच हवी म्हणतेस. पण ताई, इथून लंडन साडेचौदा हजार किलोमीटर. सलग सतरा तास! मी जन्मात विमानात चढले नाही, आणि क्लाइव्हला डॉक्टरांनी विमान बंद केलंय.

म्हणून परवा तालीम केली. पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. क्लाइव्हने गाऊनच्या दोरीने कमरेला बांधलं. अधूनमधून विमानातल्यासारखं गार खिमा पॅटिस आणून द्यायचा आणि बाहेर ढग असल्याची घोषणा करायचा. दुपारी चारला गुडघ्यांनी हात टेकले. दोरी सोडून पळाले ती थेट संडासात. फक्त अकरा तास! तेव्हा माझ्या शुभेच्छाच गोड मानून घे.

लग्नानंतरही निम्मा लोभ माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी नोला

लंडन, १२ एप्रिल

चि. नोला हिला अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी.

अगं खुळे, विमानात उठता येतं! चालायला वाट असते, संडासही असतो. क्लाइव्हने बांधलं आणि तू अकरा तास गप्प बसलीस? बिचाऱ्याच्या उभ्या संसारातला तो सोन्याचा दिवस असणार. डेस्मंड नकाशा काढून म्हणाला की तू इराणपर्यंत आली होतीस.

आठ जूनला मी कुणाचा हात धरून चर्चमध्ये जाऊ? गुडघ्यांचं मला सांगू नकोस. शाळा बुडवायची असली की तेच दुखायचे. खरं काय ते लिही.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

पर्थ, २२ एप्रिल

प्रिय ताईस,

सा. न.

काल दोरीशिवाय, उठत-बसत सतरा तास काढले. तेव्हा येणं जमेल.

परतणं जमणार नाही. आईचे अंत्यविधी उरकून तू परत गेलीस, तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत मी गाडीत रडत होते. त्याला बावीस वर्षं झाली. आता मी अडुसष्टची, तू चौऱ्याहत्तरची. या वेळी निरोप घेतला, तर तो शेवटचाच असणार. त्यानंतरचे सतरा तास मी एकटीने कसे काढू? मला भीती वाटते, ताई.

राग धरू नकोस.

नोला

लंडन, १ मे

चि. नोलास आशीर्वाद.

तुझं पत्र मी डेस्मंडला वाचून दाखवलं. तो कोट चढवून तडक बाहेर पडला. मला वाटलं, झालं, नवरदेव सटकला.

तासाभराने तिकिटं घेऊन आला. वीस जून, लंडन ते पर्थ, माणसं तीन, एकाच रांगेत. मधली जागा तुझी. मधुचंद्र तुमच्या घरी करायचा म्हणतो. वाटेत आपण दोघींनी हवं तेवढं रडावं, फक्त त्याला झोपू द्यावं, एवढीच त्याची अट आहे.

आमचं परतीचं तिकीट कुठाय, म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, ते काढलेलंच नाही.

लवकर ये.

तुझी ताई