हळू, आणखी हळू

२ मार्च
क्षमस्व. नोव्हेंबरनंतर आजच लिहितोय. कारणं तीन होती. तपासली तेव्हा एकही टिकलं नाही.
प्रोजेक्टची मुदत ३१ मार्च, संध्याकाळी पाच. तोवर पेपर पाठवला नाही तर लॅब बंद. पुष्कळ वेळ आहे.

५ मार्च
मुद्दा सोपा. अतिथंड अणूंची एक रांग. चुंबकक्षेत्र बदलत नेलं की एका टप्प्यावर सगळे एका दिशेला वळतात. घाई केली तर काही चुकार उलटेच राहतात. म्हणून हळू न्यायचं. पुस्तकात तसंच आहे, माझ्या स्वभावातही.
आज सर्वांत हळू नेलं. चुकार वाढले!
लिफ्टची मोटर. तिचाच नॉइज, म्हणजे चुंबकक्षेत्रातली बारीक थरथर. नक्की.

९ मार्च
लिफ्ट चार तास बंद ठेवायला लावली. सहाव्या मजल्यावरचे अकाउंटंट जिना चढले आणि धापा टाकत माझं शिक्षण काढलं. चुकार तेवढेच.
आता आणखी हळू.

१४ मार्च
माझी पीएचडीची विद्यार्थिनी म्हणते, सर, थोडा नॉइज राहणारच. जितकं रेंगाळाल तितका तो अणूंना ढोसत बसणार. फार घाई नको, फार हळूही नको. मध्ये एक योग्य वेग आहे, आणि तोच आपला पेपर. मसुदासुद्धा लिहून आणला. हुशार आहे. पण पिढीच उतावळी. सवडीने वाचेन.

२१ मार्च
मी रेंगाळतो का? बायकोला विचारलं. म्हणाली, लग्नाला हो म्हणायला अकरा महिने लावलेत, तेव्हा कुठली लिफ्ट चालू होती?
तुलना अशास्त्रीय. तरी दिवसभर येरझारा.

३० मार्च
मसुदा वाचला. बरोबर आहे. दोनदा पडताळला. बरोबरच आहे. चुका आधी घटतात, मग वाढतात. हे मला नोव्हेंबरातच दिसलं होतं. मी त्याला बिघाड म्हटलं.
उद्या दहाला पाठवणार. तिला शब्द दिलाय.

३१ मार्च, दुपारी ३.१०
फक्त शीर्षक राहिलंय. नॉइजचा 'परिणाम' की 'प्रभाव'? ती म्हणते, सर, काहीही ठेवा, पण पाठवा.

४.४०
'प्रभाव'.

४.५२
ती दारात उभी आहे. नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

५.०४
'परिणाम'. आता शंका नाही. तिच्या मसुद्यात मुळात तेच होतं.
पोर्टल बंद.

६.३०
विभागप्रमुखांचा फोन. पाच म्हणजे पाच, म्हणाले. तिची दुसऱ्या लॅबमध्ये सोय होईल. तुमचं बघू.
तिला सांगितलं. म्हणाली, असू दे सर. ओरडली असती तर बरं झालं असतं.

उद्या: लॅबच्या किल्ल्या जमा करणे.