पितळी किल्लीची रेज

४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
आज दुपारी पोकरच्या डावात पलीकडच्या रक्ततपासणी लॅबवालीने माझ्या रेजला कॉल केला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. डॉक्टरांनी पत्ते टाकले, भावोजींनी टाकले. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, एक पितळी किल्ली पुढे सरकवली आणि म्हणाली, "बघू."
माझ्याकडे काहीच नव्हतं. हरलो. पण तो मुद्दाच नाही. दोघांनी मला सोडलं, तिला सोडवलं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार.
नियम लिहून ठेवतो. डोकं तापलं की आठवत नाहीत.
भावोजींचं किल्ल्या करण्याचं दुकान. मी तिथेच कामाला. रविवारी अर्धं शटर ओढून मागच्या खोलीत लिमिट पोकर. पैसे लावायला ताईची बंदी, म्हणून न कातलेल्या कोऱ्या किल्ल्या लावतो. पहिल्या दोन फेऱ्यांत लोखंडी, शेवटच्या दोन फेऱ्यांत पितळी. वाढवायचं तर एका वेळी एकच. ढीग लोटून समोरच्याला घाबरवायची सोय नाही.
शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणतात, पत्ते चांगले तर रेज, म्हणजे वाढवायचं; आशा असेल तर कॉल, म्हणजे समोरच्याइतकंच टाकून बघायचं; नाहीतर निमूट फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडायचा. दिवसभर लोकांना 'काही दुखणार नाही' सांगणाऱ्या माणसाचा सल्ला किती मनावर घ्यायचा?
संकल्प: फोल्ड हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. कॉलेजही मी फोल्ड केलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या सरांवर रेज करत गेलो, ते प्राचार्यांना घेऊन आले. तिथे वाढवण्याला लिमिट नव्हतं.

११ ऑगस्ट, रविवार.
संकल्प: शांत राहणे.
दुसऱ्याच डावात भावोजी म्हणाले, मेव्हणे, टेबल आपटून पत्ते बदलत नाहीत. आपटलं नव्हतं. हात जरा जोरात पडला. मग मात्र प्रत्येक डावात रेज केली. प्रत्येक वेळी तिचा कॉल. माझ्यापुढे एकही किल्ली उरली नाही.
निष्कर्ष सरळ आहे. डॉक्टरांनी रेज केली की ती फोल्ड करते. भावोजींनी केली तरीही. फक्त मला सोडत नाही. ताईला हे समजावून सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, अरे, तिला तुझ्या किल्ल्या जिंकायच्या असतील.
ताईला खेळ कळत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार.
ती दुकानात आली! लॅबच्या फ्रीजची जादा किल्ली हवी होती. बोलायचं ठरवलं होतं, पण मशीन चालू होतं. तिने काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. किल्ली लागली नाही, म्हणून ती परत आली. एका दिवसात दोन भेटी. काम उत्तम चाललंय.

१८ ऑगस्ट, रविवार.
ती जाणार. दुसऱ्या शहरात मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली. पुढचा रविवार शेवटचा. डॉक्टरांनी अभिनंदन केलं, भावोजींनी केलं. मी रेज केली. हातात काही नव्हतं. तिने कॉल केला. जाता जाताही सोडवत नाही बिचारीला.

२४ ऑगस्ट, शनिवार.
योजना तयार.
एक कोरी पितळी किल्ली माझ्या सायकलच्या कुलपाची कातली. आधी खोलीची कातणार होतो, पण भलताच अर्थ निघाला असता. उद्या शेवटच्या फेरीत हीच टाकून रेज करायची. ती नेहमीसारखा कॉल करणार. मी हरणार. जिंकलेल्या ढिगात ही सापडेल, ती विचारेल, कशाची रे? मग मी: सायकलची. मागे बसशील?
सगळ्यात अवघड भाग हरण्याचा. तो मला येतो.

२५ ऑगस्ट, रविवार.
पत्ते वाईटात वाईट आले. म्हटलं, आज नशीब आपल्या बाजूने आहे.
डॉक्टर, भावोजी गळाले. शेवटची फेरी. तिने एक पितळी टाकली. मी टेबल आपटलं नाही, खुर्ची सरकवली नाही. तिच्याइतकी एक टाकली आणि वर ती कातलेली हळूच ठेवली. इतका शांत मी परीक्षेत झोपलो होतो तेव्हाही नव्हतो.
ती बघत राहिली. मग पत्ते उघडे करून खाली ठेवले. दोन राजे.
"फोल्ड," ती म्हणाली.
मी म्हणालो, अगं, एकाच किल्लीचा तर प्रश्न आहे, कॉल कर की. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही.
"नको," ती म्हणाली. "तू चिडलास की तुझ्याकडे काही नसतं, म्हणून तर दर वेळी बघायचे. आज शांत आहेस. आज नक्की पत्ते आहेत."
भावोजींनी पाठ थोपटली. म्हणाले, मेव्हणे, शिकलात. ढीग माझ्याकडे लोटताना त्यांना ती किल्ली दिसली. चांगला कोरा माल कुणी वाया घालवला, म्हणून त्यांनी ती उजेडात धरली. तिने वाकून पाहिलं.
"कशाची रे ही?"
अगदी ठरल्याप्रमाणे विचारलं. उत्तर पाठ होतं. डॉक्टर बघत होते, भावोजी बघत होते. ती तर बघतच होती.
"कशाचीच नाही," मी म्हणालो. "कातताना चुकली."
"मग टाकून दे," ती म्हणाली, आणि पुढच्या डावासाठी पत्ते पिसू लागली.
मी उठलो. भावोजींनी विचारलं, पहिल्यांदा जिंकलात आणि निघालात कुठे? काम आहे म्हणालो. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही.