दलदलीवर मुरूम

मंगळवार, उस्मानपुरा

दौलताबादजवळची आमची दलदल आज बुजली. ह्यांनी कॉलेजात शिकवताना जिथली माती आणि झाडंझुडपं आयुष्यभर अभ्यासली, तीच. मुरमाखाली दबलेला लव्हाळा अजून हिरवा होता. हिरवाच होता!

जमिनीचे मालक म्हणाले, "बाई, पोराला घर बांधायचंय. चिखल काय कामाचा?"

"हाच चिखल तुमच्या विहिरीला पाणी देतो," मी म्हटलं.

"आता लई उशीर झाला."

तो हिरवा लव्हाळा डोळ्यांपुढून जात नाही.

घरी आले. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या ह्यांनी विचारलं, "लव्हाळा कसाय?"

खरं सांगवेना. "लई वाढलाय," म्हटलं.

किती दिवसांनी हसले! म्हणाले, "मग उद्या रिक्षा बोलाव. मला बघायचाय."

"बरं," म्हणून मी स्वयंपाकघरात आले. काय करू?